मुंबई-पुण्याइतकं अंतर आणि चार वर्षांचं युद्ध: अमेरिकेच्या यादवीतल्या लढाया नेमक्या कुठे झाल्या?

  आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. बसमध्ये किंवा लोकलमध्ये ऐकत असाल तर मोबाइलवर मॅप उघडून ठेवा आणि अमेरिकेचा पूर्व किनारा शोधा. आज आपण तारखांच्या मागे कमी लागणार आहोत आणि जागांच्या मागे जास्त.

सुरुवात एका माणसाच्या गोष्टीने करू. विल्मर मॅक्लीन नावाचा एक व्यापारी होता. व्हर्जिनिया राज्यात मनॅसस नावाच्या रेल्वे जंक्शनजवळ त्याची शेतवाडी होती. जुलै १८६१ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने त्याच्याच घरात मुक्काम ठोकला, आणि तोफेचा एक गोळा थेट त्याच्या स्वयंपाकघराच्या चुलीत येऊन पडला. पुढे मॅक्लीनने विचार केला, इथे राहण्यात अर्थ नाही. तो बायकामुलांना घेऊन जवळपास दोनशे किलोमीटर लांब, अॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस नावाच्या एका आडगावात राहायला गेला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने उत्तरेच्या युलिसिस ग्रँटपुढे शरणागती पत्करली. कुठे? मॅक्लीनच्या दिवाणखान्यात! वर त्याच्या घरातलं सामान आठवण म्हणून अधिकाऱ्यांनी उचलून नेलं ते वेगळंच.

ही गोष्ट ऐकून आपण हसतो आणि म्हणतो, बिचाऱ्याचं नशीबच फुटकं. पण फक्त नशीब नव्हतं ते. मॅक्लीन राहायला गेला तरी राज्य व्हर्जिनियाच राहिलं, आणि ते युद्ध व्हर्जिनियातून बाहेर पडायला तयारच नव्हतं. का? तेच आज बघायचंय.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी

१८६० च्या नोव्हेंबरमध्ये अब्राहम लिंकन निवडून आला. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, ही त्याच्या पक्षाची भूमिका. दक्षिणेतली कापसाची अर्थव्यवस्था गुलामांच्या मजुरीवर उभी होती. त्या वेळी अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलामीत होती. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलिना देशातून बाहेर पडलं, मागोमाग आणखी राज्यं, आणि शेवटी अकरा राज्यांनी स्वतःचं वेगळं सरकार थाटलं. त्याला म्हणतात कॉन्फेडरसी. उरलेला देश म्हणजे युनियन.

आता इंटरनेटवर तुम्हाला एक वाद हमखास सापडेल, की युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, राज्यांच्या हक्कांवरून होतं. पण मार्च १८६१ मध्ये कॉन्फेडरसीच्या उपाध्यक्षाने, अलेक्झांडर स्टीफन्सने, सव्हाना शहरात जाहीर भाषण करून सांगितलं होतं की आमच्या नव्या सरकारचा पायाच गोरा आणि काळा समान नाहीत या विचारावर आहे. ज्यांनी युद्ध केलं तेच सांगतायत म्हटल्यावर आपण वेगळं कशाला शोधायचं?

पहिला गोळा सुटला १२ एप्रिल १८६१ ला, साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदरात, फोर्ट सम्टर या किल्ल्यावर. गंमत म्हणजे त्या भडिमारात एकही सैनिक मेला नाही. पुढच्या चार वर्षांत मात्र जुन्या हिशोबानुसार ६ लाख २० हजार सैनिक गेले, आणि नव्या अभ्यासांनुसार सात लाखांच्या आसपास. त्यातले बहुतेक गोळीने नाही, तर रोगराईने.

आकडे काय सांगतात?

१९९० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या एका आयोगाने या युद्धातल्या सगळ्या जागांचा हिशोब मांडला. छोट्यामोठ्या मिळून सुमारे १०,५०० चकमकी झाल्या, आणि त्यातल्या ३८४ लढाया आयोगाने महत्त्वाच्या ठरवल्या. या ३८४ पैकी १२३ एकट्या व्हर्जिनियात! म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश. दुसरा नंबर टेनेसीचा, ३८. मग मिझुरी आणि जॉर्जिया, पंचवीसच्या पुढे.

देश केवढा मोठा, आणि एका राज्यात एवढ्या लढाया. हे काही योगायोगाने होत नाही.

पहिलं कारण: दोन राजधान्या

कॉन्फेडरसीची पहिली राजधानी होती अलाबामातलं माँटगोमेरी, खूप खोल दक्षिणेत. पण व्हर्जिनिया त्यांना सामील झालं आणि मे १८६१ मध्ये त्यांनी राजधानी रिचमंडला हलवली. कारणं होती. रिचमंडमध्ये लोखंडाचा मोठा कारखाना होता, तिथे तोफा ओतल्या जायच्या. रेल्वे होती. आणि व्हर्जिनियाला सोबत ठेवायचं होतं.

आता मॅपवर वॉशिंग्टन आणि रिचमंड बघा. अंतर साधारण १६० किलोमीटर. म्हणजे आपलं मुंबई-पुणेच समजा! शत्रूची राजधानी इतकी जवळ असल्यावर प्रत्येक सेनापतीला वाटणारच, की एक जोरदार धडक मारली की संपलं. उत्तरेतली वर्तमानपत्रं ओरडायची, रिचमंड घ्या. पहिली मोठी लढाई झाली २१ जुलै १८६१ ला, मनॅससला. वॉशिंग्टनहून काही मंडळी घोडागाड्यांतून, खायचे डबे घेऊन लढाई बघायला गेली होती. संध्याकाळी उत्तरेचं सैन्य पळत सुटलं आणि या प्रेक्षकांनाही पळता भुई थोडी झाली.

सोळा दशकांपूर्वी जे अंतर घोड्यावरून महत्त्वाचं होतं, ते आजही आहे बरं का. जगात सर्वांत जास्त डेटा सेंटर्स एकवटलेली आहेत ती याच उत्तर व्हर्जिनियात. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझा कोड रोज त्या भागातल्या सर्व्हरवर चालतो. गेल्या काही वर्षांत मनॅससच्या रणभूमीला लागून डेटा सेंटर्स उभारायच्या प्रस्तावावरून तिथे मोठा वाद पेटला, प्रकरण कोर्टात गेलं. आपण रीजन निवडताना ड्रॉपडाउनमध्ये एक नाव क्लिक करतो, त्याच्याखाली अशी जमीन असते.

दुसरं कारण: नद्या

मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो मॅपवर डोळ्यांनी दिसतो.

व्हर्जिनियातल्या नद्या बघा. रॅपिडॅन, रॅपहॅनॉक, जेम्स. सगळ्या पश्चिमेच्या डोंगरांतून निघून पूर्वेला समुद्राकडे जातात. वॉशिंग्टनहून रिचमंडला जायचं म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे प्रत्येक नदी आडवी! एक ओलांडा, पुढे दुसरी. आणि पलीकडच्या काठावर लीचं सैन्य मोर्चे बांधून बसलेलं.

याचं सर्वांत भयंकर उदाहरण म्हणजे फ्रेडरिक्सबर्ग. दोन राजधान्यांच्या बरोबर मध्ये, रॅपहॅनॉकच्या काठावर. डिसेंबर १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याने पूल बांधून नदी ओलांडली आणि टेकडीखालच्या एका दगडी भिंतीवर पुन्हा पुन्हा हल्ले केले. त्यांची १२ हजारांहून जास्त माणसं कामी आली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पुढे याच शहराच्या आसपास चॅन्सलर्सव्हिल, वाइल्डरनेस आणि स्पॉटसिल्व्हेनिया या लढाया झाल्या. एका तालुक्याएवढ्या भागात चार मोठ्या लढाया, आणि मिळून सुमारे एक लाख माणसं मेली किंवा घायाळ झाली.

आता पश्चिमेला टेनेसीकडे या. तिथे टेनेसी आणि कंबरलँड या दोन नद्या दक्षिणेच्या प्रदेशातून फिरून शेवटी उत्तरेला ओहायो नदीला मिळतात. म्हणजे उत्तरेच्या बोटींसाठी हे आयते रस्तेच. व्हर्जिनियात नदी म्हणजे भिंत, टेनेसीत नदी म्हणजे हायवे! फेब्रुवारी १८६२ मध्ये ग्रँटने या दोन नद्यांवरचे फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनल्सन हे किल्ले घेतले आणि काही दिवसांत नॅशव्हिल शहर उत्तरेच्या हातात आलं. एप्रिलमध्ये त्याच टेनेसी नदीच्या काठावर शायलोची लढाई झाली. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांहून जास्त सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. तेव्हा लोकांना कळलं की हे युद्ध लवकर संपणारं नाही.

आणि सगळ्यात मोठा हायवे म्हणजे मिसिसिपी. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे उत्तरेला पहिल्यापासून ठाऊक होतं. एप्रिल १८६२ मध्ये त्यांच्या आरमाराने नदीच्या मुखाशी असलेलं न्यू ऑर्लिन्स घेतलं. मध्ये अडसर राहिला व्हिक्सबर्गचा. उंच कड्यावर वसलेलं शहर, खाली नदीचं मोठं वळण, आणि वर तोफा. ग्रँटने समोरून प्रयत्न करून बघितले, जमेना. मग १८६३ च्या एप्रिलमध्ये रात्रीच्या अंधारात त्याच्या बोटी त्या तोफांखालून निसटल्या, सैन्य खालच्या बाजूला नदी ओलांडून गेलं आणि मागून येऊन शहराला वेढा घातला. ४७ दिवस वेढा चालला. गावातले लोक टेकडीत गुहा खणून राहत होते. ४ जुलै १८६३ ला व्हिक्सबर्ग पडलं आणि थोड्याच दिवसांत अख्खी मिसिसिपी उत्तरेची झाली. कॉन्फेडरसीचे दोन तुकडे झाले. टेक्सास आणि अर्कान्सासारखी राज्यं नदीच्या एका बाजूला तुटली.

मग गेटिसबर्ग कुठून आलं?

चांगला प्रश्न. सगळ्यात प्रसिद्ध लढाई तर पेनसिल्व्हेनियात झाली, उत्तरेच्या राज्यात.

इथे शेनांडोआ खोरं बघा. व्हर्जिनियाच्या पश्चिमेला, डोंगरांच्या दोन रांगांमधून ते तिरकं, नैऋत्येकडून ईशान्येकडे जातं. त्याची गंमत अशी, की दक्षिणेचं सैन्य त्यातून वर गेलं की वॉशिंग्टनच्या अंगावर येतं, आणि उत्तरेचं सैन्य खाली उतरलं तर रिचमंडपासून लांब जातं. एकाला फायदा, दुसऱ्याला काहीच नाही. शिवाय डोंगराची आड असल्यामुळे हालचाल दिसत नाही. लीने दोनदा उत्तरेत मुसंडी मारली.

पहिल्यांदा सप्टेंबर १८६२ मध्ये मेरीलँडमध्ये. तिथे अँटिटमची लढाई झाली. १७ सप्टेंबर हा एकच दिवस, आणि सुमारे २३ हजार सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता. अमेरिकेच्या इतिहासातला लढाईचा सर्वांत रक्तरंजित दिवस.

दुसऱ्यांदा जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग. छोटंसं गाव, लोकवस्ती जेमतेम अडीच हजारांच्या आत. पण त्या गावात दहा रस्ते येऊन मिळायचे. दोन्ही सैन्यांनी ती जागा ठरवून निवडली नव्हती, रस्त्यांनीच त्यांना तिथे आणलं. आणि मॅपवर बघितलं तर आणखी एक विचित्र गोष्ट दिसते. दक्षिणेचं सैन्य गावात उत्तर आणि पश्चिमेकडून आलं, आणि उत्तरेचं सैन्य आलं दक्षिणेकडून! तीन दिवसांत मिळून सुमारे ५१ हजारांची हानी झाली. शेवटच्या दिवशी सुमारे साडेबारा हजार सैनिक उघड्या माळावरून किलोमीटरभर चालत तोफांवर गेले आणि त्यातले निम्म्याच्या आसपास कामातून गेले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हे आकडे म्हणजे मेलेल्यांचे नाहीत. त्यात मृत, जखमी, बेपत्ता आणि कैद झालेले सगळे येतात. गेटिसबर्गला ५१ हजार मेले असं कुणी रीलमध्ये सांगितलं तर तिथेच थांबवा त्याला. रणांगणावर मेलेले होते सात-आठ हजार.

आणखी एक टीप. एकाच लढाईची दोन नावं दिसली तर गोंधळू नका. उत्तरेचे लोक बहुतेकदा जवळच्या ओढ्या-नदीचं नाव द्यायचे, दक्षिणेचे जवळच्या गावाचं. बुल रन आणि मनॅसस एकच. अँटिटम आणि शार्प्सबर्ग एकच.

तिसरं कारण: रेल्वे

मनॅसस जंक्शन. शायलोजवळचं कॉरिंथ जंक्शन. चॅटनूगा, अटलांटा, पीटर्सबर्ग. ही नावं बघितली की ही लढायांची यादी आहे की रेल्वेचं टाइमटेबल, असा प्रश्न पडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळे नेटवर्कमधले असे नोड, की एक बंद पडला की अर्धी सिस्टीम झोपते. सैन्याला रोज खायला लागतं, घोड्यांना वैरण लागते, दारूगोळा लागतो. रसद बंद झाली की शूरपणा किती दिवस पुरणार?

१८६३ च्या शेवटी उत्तरेने चॅटनूगा पक्कं केलं. तिथून रेल्वेच्या रुळांबरोबर शर्मन हा सेनापती अटलांटाकडे सरकला. १८६४ च्या ऑगस्टमध्ये लिंकन इतका निराश होता की आपण निवडणूक हरणार असं त्याने एका कागदावर लिहून ठेवलं आणि आत काय आहे ते न दाखवता मंत्र्यांच्या त्यावर सह्या घेतल्या. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं, हवा फिरली आणि नोव्हेंबरमध्ये लिंकन पुन्हा निवडून आला. मग शर्मन अटलांटाहून समुद्रापर्यंत, सव्हानापर्यंत, वाटेतले रूळ उखडत आणि शेतं-कोठारं रिकामी करत गेला.

तिकडे व्हर्जिनियात ग्रँटने रिचमंडवर थेट धडका मारणं थांबवलं आणि त्याच्या दक्षिणेच्या पीटर्सबर्गला खंदक खणून बसला. कारण रिचमंडचं अन्न तिथल्या रुळांवरून यायचं. नऊ महिने हे चाललं. २ एप्रिल १८६५ ला शेवटची लाइन तुटली आणि त्याच रात्री कॉन्फेडरसीचं सरकार रिचमंड सोडून पळालं. आठवड्याभरात आपण पुन्हा मॅक्लीनच्या दिवाणखान्यात.

आता खरी गोष्ट

इथपर्यंत हे सगळं बुद्धिबळासारखं वाटलं असेल. पण या मॅपचा अजून एक थर आहे, आणि मला वाटतं तोच महत्त्वाचा.

मे १८६१. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर फोर्ट मन्रो नावाचा किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचे मोर्चे बांधायला जुंपलेले तीन गुलाम रात्री एका होडीतून या किल्ल्यावर पळून आले. फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी. दुसऱ्या बाजूचा अधिकारी पांढरं निशाण घेऊन आला आणि म्हणाला, कायद्याप्रमाणे आमचे गुलाम परत करा. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर हा मुळात वकील. त्याचं उत्तर असं, की तुम्ही तर म्हणता व्हर्जिनिया आता परका देश आहे, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? शत्रूची युद्धसामग्री म्हणून मी यांना ठेवून घेतो. माणसांना सामग्री म्हणणं वाईटच, पण परत पाठवलं नाही हे खरं. बातमी पसरली, आणि हजारो लोक चालत, होड्यांतून त्या किल्ल्याकडे येऊ लागले. १६१९ मध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनियात आफ्रिकेतून आणलेली पहिली माणसं उतरली होती ती याच ठिकाणी.

अँटिटमनंतर लिंकनने मुक्तीची घोषणा केली आणि १ जानेवारी १८६३ पासून ती लागू झाली. पण ती फक्त बंडखोर राज्यांतल्या गुलामांसाठी होती. म्हणजे कागदावर मुक्ती आणि जमिनीवर मालकाचं राज्य. मग ती खरी कुठे झाली? जिथे जिथे उत्तरेचं सैन्य पोचलं तिथे तिथे. म्हणून लढायांचा मॅप हाच स्वातंत्र्य कुठे, कधी पोचलं त्याचा मॅप आहे. आणि ते आणणाऱ्यांत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक होते. जुलै १८६३ मध्ये चार्ल्सटनजवळ फोर्ट वॅग्नरवर ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने केलेला हल्ला फसला, पण हे लोक लढतील का असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळालं.

आणि जिथे मोठ्या लढाया झाल्या नाहीत तिथे काय? टेक्सास बघा. तिथे उत्तरेचं सैन्य शेवटपर्यंत फारसं पोचलंच नाही. म्हणून तिथल्या अडीच लाख गुलामांना मुक्तीचा हुकूम ऐकायला मिळाला तो १९ जून १८६५ ला, गॅल्व्हस्टन बंदरात. घोषणेनंतर अडीच वर्षांनी! अमेरिकेत आज जूनटींथची सुट्टी असते ती याच दिवसाची. तुमच्या ऑनसाइटच्या मित्राला त्या दिवशी सुट्टी का, हे आता त्याला सांगा.

आणि आपलं काय?

उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकाबंदी केली, अमेरिकन कापूस अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअर बाजार वेडा झाला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळा फुगा फुटला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद याच तेजी-मंदीतलं सर्वांत मोठं नाव. व्हिक्सबर्ग आणि अमरावती एकाच धाग्याने बांधलेले होते, कापसाच्या.

पण पैशापलीकडचा धागा जोतीराव फुल्यांनी बघितला. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल आदर म्हणून. पुण्यात बसून त्यांना गेटिसबर्गचे दहा रस्ते दिसत नव्हते, पण ते रस्ते कुणाच्या मुक्तीकडे गेले हे त्यांना नेमकं कळलं होतं.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कुठल्याही युद्धाची बातमी ऐकली की मॅप उघडा आणि तीन गोष्टी शोधा: राजधानी, नदी, रेल्वे किंवा रस्ता. लढाई कुठे होणार याचा अंदाज येईल. आणि मग चौथी गोष्ट विचारा, की सैन्य तिथे पोचल्यावर तिथल्या माणसांचं काय झालं? तो प्रश्न विसरलात तर मॅप नुसताच रंगीत कागद.

एपिसोड आवडला तर एखाद्या इतिहासवेड्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!